दाराबाहेरच्या चपला

तात्यांना परदेशात येऊन तिसराच दिवस होता आणि अजून पूर्व कुठली, हे त्यांना उमगलं नव्हतं. लेकीच्या इमारतीत सगळे मजले सारखे. प्रत्येक मजल्यावर सहा दारं, सहाही राखाडी, कुणाच्या दारावर नावाची पाटी नाही, नुसता बारीक नंबर. जन्मभर लायब्ररीत पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचलेल्या माणसाला हे कोऱ्या पुठ्ठ्यांचं कपाट वाटत होतं.

लेक आज नव्या नोकरीवर रुजू झाली होती. तात्यांकडे काम एकच. साडेबाराला नात शाळेच्या गाडीतून फाटकाशी उतरेल, तिला वर आणायचं. एक वाजता लेक घरी फोन करणार होती. कुणी उचलला नाही तर ती काम टाकून धावत येणार, आणि पहिल्याच दिवशी धावत आली की नोकरी गेलीच म्हणायची. जावई तर हसत म्हणालेच होते, की तात्यांना लिफ्टचं बटण सापडलं तरी गंगेत घोडं न्हालं.

तात्यांनी दाराचा नंबर घोकला. पण स्वतःच्या पाठांतरावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. म्हणून बूट घालून निघताना चपला दाराबाहेर नीट जोडीने मांडल्या. खूण पक्की झाली, तसा नंबर निर्धास्तपणे विसरले.

नात वेळेवर उतरली. दोघं वर आली, तर चपला कुठेच नाहीत. मजला चुकला असेल म्हणून एक वर गेले, मग दोन खाली. एका दाराला भीत भीत किल्ली लावली. आतून कुणीतरी खोकलं, तसे नातीला ओढत पळाले. दिवसाढवळ्या चकवा लागला होता. पाऊण वाजून गेला.

"आपलं घर कुठलं गं?" शेवटी लाज गिळून त्यांनी विचारलं.

"आईला माहितेय." मग जरा विचार करून नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चपला बाहेर ठेवल्या होत्या?"

"हो."

"मग झाडूवाल्या मावशींनी नेल्या. बाहेर काहीच ठेवायचं नसतं. माझी छत्रीपण नेली होती."

तिनेच बोट धरून त्यांना तळमजल्यावर जिन्याखाली नेलं. तिथे फळीवर एकटा हातमोजा होता, एक चेंडू होता आणि शेजारी त्यांच्या टाचा झिजलेल्या चपला. अंगठ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. अक्षरं तात्यांना वाचता येईनात, पण खाली आकडे होते. पाचशे चार. चपला कुठल्या दाराबाहेर सापडल्या, हे मावशींनी पुस्तकाच्या पाठीवरच्या नंबरासारखं चोख लिहून ठेवलं होतं.

दार उघडलं तेव्हा फोन वाजत होता.

"तात्या, किती वेळ? मी निघणारच होते," लेक म्हणाली. तिचा श्वास लागला होता.

"निघू नकोस," तात्या म्हणाले. "आम्ही घरात आहोत. जरा चपला आणायला गेलो होतो."

चपला आत ठेवून त्यांनी चिठ्ठी सोडवली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. तरी दुपारभरात दोनदा, किल्ली मुठीत घट्ट धरून, ते बाहेर गेले आणि दारावरच्या नंबराशी चिठ्ठी ताडून आले.