पितांबराचा पिवळा

हमरापूरची माझी मावसबहीण मनस्वी मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. भुवया, पापण्या, बुबुळं हे मूर्तीचं सगळ्यात नाजूक काम. या हंगामाच्या कमाईतून तिला गेम खेळायला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि तोही रविवारच्या आत. रोह्याच्या साहिलच्या टीममध्ये पाचवी जागा रिकामी झाली होती. साहिल माझ्याच कंपनीत आहे. तो मला म्हणाला होता, "तुझी बहीण मोबाईलवर बरी खेळते, पण मोबाईलवाले आम्ही घेत नाय. रविवारी लॅपटॉपवर खेळून दाखव म्हणावं तिला."

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आणि कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, म्हणून निवड माझ्याकडे आली. मी अकरा लॅपटॉपांचा तक्ता केला. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम, पंखे, वजन, प्रत्येकाला गुण दिले. पहिला आलेला लॅपटॉप इतका पुढे होता की पेणच्या दुकानात नुसतं जाऊन तो उचलायचा, एवढंच काम उरलं होतं.

दुकानदार हरेशने पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी मांडले. मनस्वीने मोबाईलमधला स्वतः रंगवलेल्या मूर्तीचा फोटो दोन्हींवर उघडायला लावला.

"ताई, यो गणपती आपला नाय," ती पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"तोच फोटो आहे गो."

"पितांबर बघ. पिवळ्यात हिरवा पडलाय. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मी गुलाबी लावलाय, तो कुठं गेला?"

मला दोन्ही पितांबर सारखेच दिसत होते. हरेशलाही.

"गिऱ्हाईक असं बघायला लागलं तर दुकान बंद करून तुमच्या कारखान्यात यावं लागेल मला," तो म्हणाला.

"या की. मूर्ती गुळगुळीत करायला पॉलिश पेपर मारणारा माणूस पायजेच हाय."

मला खात्री करून घ्यायची होती. मी दोन्ही पडद्यांचा उजेड सारखा केला, हरेशकडून दोन पुठ्ठे घेऊन फोटोच्या चौकटीखेरीज सगळं झाकलं. मनस्वीला पाठ करून उभं केलं आणि दर वेळी नाणं उडवून लॅपटॉपांच्या जागा ठरवल्या. दहापैकी दहा वेळा तिने पहिला ओळखला. मग तिने माझी परीक्षा घेतली. मी दहापैकी चार.

पडद्यावर रंग किती खरे दिसतात, हा रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता.

"पण दुसरा हळू आहे," मी म्हणाले. "रविवारी तुला वेग लागेल."

तिने दोन्हींवर दुकानातला नमुन्याचा गेम लावला आणि एका अंधाऱ्या गुहेत थांबवला. "माणसं मोज."

पहिल्यावर मी दोन मोजली. दुसऱ्यावर तीन. तिसरा भिंतीला चिकटून उभा होता, काळ्या अंधारात तपकिरी.

"पळायला चपळ होऊन काय करू, ताई? गोळी घालणारा दिसायला नको?"

आम्ही दुसरा घेतला. रविवारपर्यंत मला धाकधूक होती, कारण निवड चुकली तर टीममधली जागा तिच्या हातची जाणार होती.

रविवारी सकाळी मावशीच्या घरी पुढच्या खोलीत ती साहिलच्या टीमविरुद्ध खेळायला बसली. दोन डाव सरळ हरली. बोटांना कळांची सवय नव्हती आणि गेमही मधेच अडखळत होता. तिसऱ्या डावात एका गोदामाच्या जिन्याखाली तिने अचानक नेम धरला. मला तिथे फक्त अंधार दिसत होता. पडद्यावर साहिलचा गडी आडवा झाला.

"तिथं कसा दिसलो?" स्पीकरमधून साहिलचा आवाज आला. "तिथं आजवर कुणाला सापडलो नाय मी."

"तुझ्या शर्टाला निळी झाक हाय."

पलीकडे कुणीतरी हसलं.

"पळायला आम्ही शिकवू तिला," साहिल मला उद्देशून म्हणाला. "बघायचं काम तिचं. मंगळवारी संध्याकाळी सातला ऑनलाइन या."

"सात नको, आठ," मनस्वी म्हणाली. "सातपर्यंत कारखाना हाय."

स्वयंपाकघरातून सगुणामावशीने विचारलं, "जिंकलीस का गो?"

"नाय," ती म्हणाली. "हरले. पण घेतलं मला."