बाबांची पुरवणी

टाचणीचं प्रपोजल घराबाहेर पडेपर्यंत त्याच्यावरून तिघांचे हात फिरलेले असायचे. आधी ती स्वतः लिहायची. मग आई त्यात कुठेतरी ‘मनमिळाऊ’ हा शब्द घुसडायला लावायची, कारण पोरीचा स्वभाव लोकांना कळायला नको का. शेवटी बाबा. आयुष्यभर कचेरीत कागद तपासलेला माणूस तो, छापलेला कागद हातात असल्याशिवाय त्यांना वाचल्यासारखंच वाटत नसे. पेन्सिलीला टोक काढून ते ‘नमस्कार’ खोडायचे आणि वर लिहायचे, ‘महोदय, आपल्या जाहिरातीस अनुसरून’. एवढे सोपस्कार होऊन ते प्रपोजल इंटरनेटवरून कुठल्याशा अनोळखी माणसाकडे जायचं, आणि गेलं ते गेलंच. होकार सोडा, धड नकारसुद्धा यायचा नाही.

टाचणी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी अंगाने बारीक म्हणून पडलं आणि मोठेपणी जिभेमुळे टिकलं. खुर्ची, कपाट, पंखा असलं काही सुट्या भागांत विकत घेतलं की खोक्यात एक घडीचा कागद निघतो ना, आधी ही पट्टी मग तो स्क्रू असं चित्रांतून सांगणारा, ती चित्रं टाचणी काढायची. कारखान्याने तो विभागच बंद केला, तेव्हा तिने ठरवलं की आता घरी बसून वेबसाइटवरून कामं मिळवायची. तिथे गरजू माणूस आपलं काम मांडतो आणि त्याच्यावर शंभर जण प्रपोजलं घेऊन तुटून पडतात. टाचणी त्या शंभरांतली एक होती, आणि आतापर्यंत शंभरावीच ठरत आली होती.

त्यात काकांचं प्रकरण. काकांचं फरशांचं दुकान होतं आणि काउंटरवर बसायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर पहिल्या तारखेपासून टाचणी दुकानात येईल, असा शब्द बाबांनी धाकट्या भावाला देऊन टाकला होता. बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. टाचणीचं फरशांशी काही वाकडं नव्हतं, पण एकदा त्या काउंटरमागे बसलो की पेन हातातून सुटलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. शब्द देताना बाबांनी तिला विचारलंही नव्हतं. बाबांचा आपल्या कामावर विश्वासच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि ते तिला फार लागलं होतं.

महिना संपत आला आणि एके सकाळी अगदी तिच्याचसाठी मांडल्यासारखं काम दिसलं. एक बाई आपल्या छोट्या कारखान्यात सुटं फर्निचर बनवत होत्या. माल चांगला, पण लोकांना जोडता येईना, म्हणून अर्धा परत येत होता. सगळ्या वस्तूंचे कागद नव्याने काढून हवे होते. टाचणीचे डोळे लकाकले. तेवढ्यात बाबा पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, सुरुवात ‘महोदय’ने कर.

“बाई आहेत त्या,” टाचणी म्हणाली.

“मग महोदया.”

झालं, एवढं निमित्त पुरलं. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं तिने बाहेर काढलं. काकांचं दुकान, दिलेला शब्द, खोडलेले नमस्कार, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, “बाबा, आजपासून माझ्या प्रपोजलला हात लावायचा नाही.”

बाबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि ते खिडकीशी जाऊन बसले. टाचणीने रागारागात जुन्या प्रपोजलचा तुकडा उचलून चिकटवला, मी मेहनती आहे, मी वेळ पाळते, मला इतका अनुभव आहे, आणि पाठवून दिलं. मग कॉम्प्युटर तसाच उघडा टाकून ती पाय मोकळे करायला बाहेर पडली. राग डोक्यात असला की माणूस वाचत नाही, नुसता पाहतो. तिनेही ती जाहिरात पाहिली होती, शेवटपर्यंत वाचली नव्हती.

त्यानंतर घरात बोलणं आईमार्फत चालू झालं. “तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय,” असं आई टाचणीला मुद्दाम सांगायची, दोघांनी बोलावं म्हणून, आणि स्वतःच हसायची.

उत्तर आलं तेव्हा तिघंही टेबलाशी होते. टाचणीने ते उघडलं आणि ती गोंधळली. बाईंनी लिहिलं होतं की तुमचं प्रपोजल मिळालं, चांगलं आहे, बाकीच्या नव्वद जणांसारखंच आहे, म्हणून बाजूला ठेवलं होतं. पण तुमच्याच आडनावाच्या एका गृहस्थांचंही प्रपोजल आलंय. त्यांच्या फोटोत गळ्यात निरोपसमारंभाचा हार आहे आणि ‘कौशल्य’ या रकान्यात त्यांनी ‘निवृत्त’ असं लिहिलंय. हे तुमचे वडीलच ना? खाली ते प्रपोजल जोडलं होतं.

टाचणीने मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

“तू म्हणालीस हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “नाही लावला. मी वेगळी पुरवणी जोडली.”

कचेरीतल्या माणसाच्या डोक्यात हे अगदी सरळ होतं. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत बाईंनी एक प्रश्न विचारला होता, आणि पोरीच्या अर्जात त्याचं उत्तर नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता कागद पुढे सरकवणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. तिचा अर्ज तर निघून गेला होता. तेव्हा त्यांनी एका बोटाने टकटक करत स्वतःचं खातं उघडलं. आईला हे सगळं माहीत होतं. हाराचा फोटो तिनेच शोधून दिला होता.

“वाच ना मोठ्याने,” आई म्हणाली. टाचणीला वाचवेना, तेव्हा आईनेच वाचलं.

“महोदया, शेवटची कोणती वस्तू जोडली आणि कुठे अडलात, असे आपण विचारले आहे. मला चित्रे काढता येत नाहीत, त्यामुळे हे काम मी करू शकत नाही. परंतु प्रश्नाचे उत्तर देतो. मी खुर्ची जोडली. कंपनीच्या कागदावरून दोनदा जोडली आणि दोन्ही वेळा ती मागे कलंडली. दुसऱ्या वेळी तीत मी होतो. मग माझ्या मुलीने तोच कागद नव्याने काढून दिला. कोणता स्क्रू आधी अर्धाच आवळायचा, ते त्यात दाखवले होते. मी एकट्याने खुर्ची जोडली व त्याच खुर्चीत बसून हे लिहीत आहे. मुलीचे चित्र सोबत जोडले आहे. तिने आपल्याकडे वेगळा अर्ज केला आहे. त्यात हे सांगायचे राहिले, कारण ती रागात होती. रागाचे कारण मी. आपला विश्वासू.”

टाचणीच्या डोळ्यांना धार लागली. ते चित्र तिने एका दुपारी सहज, पाठकोऱ्या कागदावर काढलं होतं. बाबांनी जपून ठेवलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“मला वाटायचं, तुमचा माझ्या कामावर विश्वास नाही,” ती म्हणाली.

“तुझ्यावर होताच. त्या कामं देणाऱ्यांवर नव्हता. वाचतच नाहीत मेली.” मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, “तुला विचारायला हवं होतं मी. तेवढं चुकलंच.”

आई त्याखालचं बाईंचं उत्तर पुढे वाचत होती. काम टाचणीलाच द्यायचं बाईंनी ठरवलं होतं, एका अटीवर. चित्रं छपाईला जाण्याआधी प्रत्येक वस्तू त्या चित्रांवरून त्या गृहस्थांनी जोडून पाहायची. त्यांना जमली तर जगात कुणालाही जमेल.

“म्हणजे मी ढ, असंच ना?” बाबांनी विचारलं.

“ढ कसले? अनुभवी,” आई म्हणाली.

टाचणी डोळे पुसत हसली. तिने उत्तर लिहिलं, कागदावर छापून काढलं आणि पेन्सिलीसकट बाबांपुढे ठेवलं. “लावा हात,” ती म्हणाली. बाबांनी कागद दोनदा वाचला. पेन्सिल ‘नमस्कार’वर जरा घुटमळली आणि तशीच खाली आली. एक स्वल्पविराम तेवढा त्यांनी दिला, अगदीच राहवलं नाही म्हणून.

मग ते उठले आणि त्यांनी भावाला फोन लावला. दिलेला शब्द परत घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना. दोनदा घसा खाकरून त्यांनी सांगितलं की पोरगी काही दुकानात येत नाही, तिला काम लागलंय. पलीकडून काकांनी बहुधा म्हटलं, मग तुम्ही तरी येऊन बसा, रिकामेच असता की.

बाबा ताठ झाले. “छे, मला कुठला वेळ?” ते म्हणाले. “मी मुलीच्या हाताखाली लागलोय.”