आमचा काहीएक हक्क नाही

येना शहरातल्या फिजिओथेरपीच्या शाळेत उर्जाला जागा मिळाल्याची मेल आली, त्या दिवशी मी शिरा केला. तूप अगदी हात सैल सोडून घातलं. खाऊन झाल्यावर पोरीने फोनवर खर्चाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि तो शिरा माझ्या घशाशी आला. दरमहा फी, येनातल्या खोलीचं भाडं, त्या खोलीची अनामत, पुस्तकं, येण्याजाण्याचं तिकीट. मी इथे जर्मनीत नेकारसुल्मला एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये अर्धवेळ काम करते, वर विधवेची पेन्शन. त्यात आमच्या दोन खोल्यांचं भाडं भागतं हेच नशीब.

"माम्मा, बाफ्योग आहे ना," उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. जन्मच इथला, मी तरी काय बोलणार? बाफ्योग म्हणजे शिकणाऱ्या मुलांना इथलं सरकार देतं ती मदत. तिने सगळं वाचून ठेवलं होतं. आमची मिळकत कमी, आमच्याकडे इथे राहायचा कायमचा परवाना, म्हणजे मदत बसायला हरकत नव्हती. वर असल्या शाळेसाठी मिळालेले पैसे परत करायचे नसतात.

फिजिओथेरपीच का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या बाबांना, हृषिकेशला, पक्षाघात झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनची डिझाइनं काढणारा माणूस, शर्टाचं बटण लावता येईना. एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या, आणि त्या गेल्या की पोरगी त्यांच्यासारखीच बापाचा हात हातात घेऊन बसायची. एक दिवस त्याने स्वतःचं बटण स्वतः लावलं. उर्जा नाचली होती अक्षरशः. नंतर दुसरा झटका आला आणि तो गेला, पण ते बटण तिच्या डोक्यातून गेलं नाही.

तर आम्ही आम्टमध्ये गेलो, म्हणजे मदतीच्या कचेरीत. तिथल्या फ्राउ लिंडनर बाई चांगल्या, सावकाश बोलणाऱ्या. माझे पगाराचे कागद बघून म्हणाल्या, पूर्ण मदत बसेल असं दिसतंय. मी टेबलाखाली उर्जाचा हात दाबला. मग त्यांनी उर्जाला विचारलं, "तुझ्या स्वतःच्या नावावर काही आहे? बँकेत, घर, जमीन? इथे किंवा दुसऱ्या देशात?"

"नाइन," उर्जा म्हणाली, म्हणजे नाही.

पण ते खरं नव्हतं. उर्जाच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे. ती चार वर्षांची असताना हृषिकेशने घेतला होता. आपल्याकडे करतात तसंच, मुलीच्या नावावर असलेलं बरं, उद्या तिच्या लग्नाला, शिक्षणाला. हप्ते आम्ही इथून भरले. त्यात हृषिकेशचे धाकटे भाऊ देवदत्तभावजी आणि त्यांची बायको मीनल राहतात. हे सगळं मी उर्जाला कधी सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय होतं?

गप्प बसले असते तर? बसता आलं असतं. पण खाली सही पोरीची जाणार होती. आपण खोटं लिहितोय हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं, आणि उद्या हे उघडकीला आलं असतं तर गुन्हा तिच्या माथी. मी घसा साफ केला आणि सांगून टाकलं. उर्जा माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी चोरी करताना सापडले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे बघा, विद्यार्थिनीची स्वतःची मालमत्ता ठरावीक मर्यादेच्या वर गेली की मदत मिळत नाही." पुण्याचा फ्लॅट त्या मर्यादेच्या कितीतरी वर. मी म्हटलं, अहो बाई, त्याचा आम्हाला एक छदाम मिळत नाही, भाडंसुद्धा नाही, तिथे तिचे काका राहतात. तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांना राहायचा हक्क दिला होता का? तसं असेल आणि त्यामुळे कायद्याने फ्लॅट विकता येत नसेल, तर तो धरत नाहीत. पण हक्क आधीपासूनचा पाहिजे. आता अर्ज केल्यावर तुम्ही काही लिहून दिलंत तर त्याला अर्थ नाही. काकांकडून लिहून मागवा, जुना काही पुरावा असेल तर जोडा. शब्द देत नाही, पण तपासून बघू."

पुरावा होता! मी उठून त्या बाईंना मिठी मारायचीच बाकी होती. भावजींची छपाईची नोकरी गेली आणि मीनलचे सांधे इतके धरले की तिला जिना चढवेना, तेव्हा हृषिकेशनेच त्यांना लिफ्ट असलेल्या ह्या फ्लॅटमध्ये यायला सांगितलं होतं. माझ्यासमोर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, "देवा, आयुष्यभर राहा तू तिथे." मला तेव्हा पटलं नव्हतं, ते सोडा. पण शब्द दिला होता, आणि भावजींनी तो मेसेज जपून ठेवला होता. भावाच्या तेराव्याला सगळ्यांना दाखवत होते.

घरी येऊन लगेच फोन लावला. शाळेचा करार महिनाअखेरीच्या आत सही करून पाठवायचा होता आणि सोबत पहिली फी. बँकेने माझा अर्धवेळ पगार बघून कर्जाला आधीच नकार दिला होता.

"भावजी, एक काम होतं," मी म्हटलं. "तुम्हाला फ्लॅटमध्ये आयुष्यभर राहायचा हक्क आहे, असं नोटरीसमोर लिहून द्या. दादांचा तो मेसेजही जोडा. उर्जाच्या शाळेच्या मदतीसाठी इथल्या कचेरीला लागतंय."

मग ते म्हणाले, "वहिनी, कळलं मला."

"नक्की कळलं ना? हक्क आहे, असंच लिहायचंय."

"कळलं हो. काळजी करू नका. उर्जाला सांगा, त्या कचेरीचा पत्ता पाठव. तुम्हाला मधे त्रास नको, मी परस्पर पाठवतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. उर्जाने येनातल्या खोल्या बघायला सुरुवात केली. एक खोली तिला फार आवडली, खिडकीतून टेकडी दिसत होती. मला दाखवत म्हणाली, "माम्मा, तू आलीस की इथे झोप, मी खाली." हे मात्र मराठीत म्हणाली, मोडकंतोडकं.

पुढच्या आठवड्यात फ्राउ लिंडनरचा फोन आला. मी किचनमध्ये बटाटे सोलत होते. म्हणाल्या, काकांचा कागद आला, सोबत जर्मन भाषांतरही आहे, उर्जाला मेल केलाय. त्यांचा आवाजच मला बरा वाटला नाही. मी हात पुसून तिथूनच उर्जाला फोन केला, आणि तिने मेलमधला कागद मला पाठवला. भावजींनी पदरचे पैसे घालून भाषांतर करून घेतलं होतं, स्टॅम्पपेपर, नोटरी, सगळं नीटनेटकं. मराठीत लिहिलं होतं: सदर सदनिका माझी पुतणी कु. उर्जा हिच्या संपूर्ण मालकीची असून तीवर आमचा काहीएक हक्क नाही. ती सांगेल त्या दिवशी आम्ही विनातक्रार रिकामी करून देऊ.

मेसेज जोडलेलाच नव्हता.

मी तिथेच कोपऱ्यात पोत्यावर बसले. बाईंना उलटा फोन करून म्हटलं, चूक झाली, दुसरा कागद पाठवतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या दिरांनी शपथेवर लिहिलंय की त्यांना हक्क नाही. आता दोन दिवसांत त्यांनीच शपथेवर लिहिलं की आहे, तर मी कोणता कागद खरा धरू? मला वाईट वाटतं, पण फ्लॅट विकता येतो असंच दिसतंय." त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तरी माझा राग काही जाईना. घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही आणि भावजींना फोन लावला.

"काय लिहिलंत हे? मी काय सांगितलं होतं? हक्क आहे म्हणून लिहा म्हटलं होतं ना! मोठेपणा मिरवायला तुम्हाला हीच वेळ सापडली? पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास घालवलात!"

"वहिनी, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं तुम्ही टोमणा मारताय. मागच्या वर्षी मारला होतात तसा."

मागच्या वर्षी मी पुण्याला गेले होते, फ्लॅट विकता येतो का बघायला. पुढे काय ठरवलंय म्हणून विचारलं, तर भावजी म्हणाले, दादा म्हणाला होता आयुष्यभर राहा. माझं डोकं फिरलं. नवरा गेलेला, हातात पैसा नाही, आणि ह्यांचं आपलं दादा म्हणाला होता. मी चहाचा कप आपटून म्हटलं, "राहा की! आयुष्यभर राहा! हक्कच आहे तुमचा!" जिभेला काही हाड? मीनल आत खाटेवर होती, तिनेही ऐकलं असणार. भावजींनी त्यानंतर माझ्यासमोर चहा घेतला नाही.

आणि आता मी नेमके तेच शब्द फोनवरून त्यांना परत ऐकवले होते. नोटरीसमोर लिहून द्या म्हणून.

"शाळेचं, कचेरीचं सांगितलं होतं ना मी?" मी म्हटलं, पण माझा आवाज खाली आला होता.

"सांगितलंत. पण मला वाटलं, सरकारला खात्री पाहिजे असेल की काका पुतणीचा फ्लॅट बळकावणार नाही. दादाचा मेसेज दाखवला असता तर म्हणाला असतात, मेलेल्या भावाच्या शब्दावर घर लाटतोय." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. आता विकायचाच आहे ना? विका. आम्ही परवाच सोडला फ्लॅट."

"सोडला म्हणजे?"

"सामान हलवलं. किल्ली सोसायटीच्या ऑफिसात ठेवलीय. मीनलच्या भावाकडे आलोय."

मीनलच्या भावाचं घर मला माहीत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. "मीनलला कसं नेलंत वर?" मी विचारलं.

"खुर्चीत बसवून. चौघांनी धरलं. थोडी रडली, दुखलं ना." मग घाईघाईने म्हणाले, "पोरीची फी भरा, वहिनी."

कसली फी भरणार होते मी? गिऱ्हाईक शोधायचं, उर्जाने तिकडे जायचं, नोंदणी, टॅक्स, पैसे इकडे आणायचे, वर्ष जातं ह्यात. कराराची मुदत चार दिवसांवर आली होती. ज्या फ्लॅटपायी मदत गेली, त्या फ्लॅटचा एक रुपया चार दिवसांत हातात येणार नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळेना.

फोन स्पीकरवर होता. उर्जा कधीची दारात उभी होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, "आता ते झोपतात कुठे?"

मी म्हटलं, काकूच्या भावाकडे बाहेरच्या खोलीत असतील, जमिनीवर. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"काका, मी उर्जा." मराठीत बोलत होती, एकेक शब्द जुळवत. "फ्लॅट माझा आहे ना?"

"तुझाच, बाळा. तुझाच."

"गेनाऊ, बरोबर. मग मी सांगते. तू घरी जा. काकूला घेऊन. आज जा."

"अगं पण तुझी शाळा..."

"बाबा बोलला राहा, तर राहा. मी पण बोलते राहा." तिचा आवाज फुटला. "काकूला जिना नको. सांधे खराब होतात अजून. मला माहीत आहे."

पलीकडे माणूस रडत होता. साठीला टेकलेला माणूस, मी त्यांना हृषिकेशच्या वेळीसुद्धा असं रडताना ऐकलं नव्हतं. मी उर्जाला खुणेने म्हटलं, थांब, आपण विकायचं बघू, पुढच्या वर्षी तरी शाळा होईल. तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही. बापावर गेलीये, मेली.

"वेडी आहेस का?" फोन ठेवल्यावर मी बोललेच. "आता ना मदत, ना फ्लॅट. पुढच्या वर्षीही त्या बाई हेच विचारतील. काय करणार आहेस?"

"माहीत नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. शाळेला दोन ओळींची मेल लिहिली, घरगुती कारणामुळे जागा सोडत आहे, म्हणून. पाठवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तिचा हात धरावा. चार दिवस आहेत अजून, कुणापुढे तरी पदर पसरू. पण हृषिकेश आजारी पडल्यापासून इथे कुणापुढे पसरायचा राहिला होता? तिने मेल पाठवली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. म्हणाले, कुलूप उघडलं, मीनलला खाटेवर निजवलं. तिला बरं वाटतंय. उर्जा कशी आहे?

मी म्हटलं, बरी आहे. एका दुकानात कामाचं विचारायला गेलीय. मग मला राहवेना. मी अगदी हळू, शक्य तितक्या सरळ आवाजात म्हटलं, "भावजी, आयुष्यभर राहा."

"कळलं, वहिनी," म्हणाले आणि फोन ठेवला. ह्या वेळी तरी त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.