बायकोची अर्धी पेन्शन

बॉयलरच्या कारखान्यात त्याला सगळे पक्कड म्हणायचे. एकदा धरलं की सोडायचं नाही, असा माणूस. न्हावी तोच, चहाची टपरी तीच, चप्पल तुटली की तिलाच टाके. भाड्याची खोलीसुद्धा लग्नात घेतलेली. घरमालक वारला, घरमालकाचा पोरगा म्हातारा झाला, हा आपला तिथंच.

असा माणूस एका सकाळी टॉवेलने डोकं पुसता पुसता बायकोला म्हणाला, "पेन्शन हलवावी म्हणतो."

बायको डबा भरत होती. गल्लीत तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि ज्या हॉटेलात ती चादरींना इस्त्री मारायची तिथंही मावशीच. तिचा हात डब्यावरच थांबला.

"हलवायची? कपाट आहे का ते?"

"कारखान्याच्या फंडातून काढायची नि एका खाजगी कंपनीत टाकायची. पैसा आपल्या नावावर राहतो. हवा तेव्हा काढा, हवा त्याला द्या."

"हे डोक्यात कोणी घातलं?"

"कोणी कशाला घालायला पाहिजे? मला डोकं आहे."

"आहे हो. वापरात दिसलं नाही कधी, म्हणून विचारलं."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. खोकला तसा जुनाच. बॉयलरच्या पोटात शिरून वेल्डिंग करणाऱ्या कुठल्या माणसाला खोकला नसतो? मावशीने डब्याचं झाकण लावलं आणि मनात म्हणाली, ही चिरंजीवांची करणी.

चिरंजीव म्हणजे त्यांचा एकुलता एक. पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, दार लावून घेता आलं असतं. गोड होता. आला की आईच्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि उठताना काहीतरी घेऊन जायचा. आधी मोबाइलचं दुकान काढलं, ते बसलं. मग जुनी व्हॅन घेतली, ती तर जागची उठलीच नाही. त्या व्हॅनमध्ये मावशीच्या गळ्यातली साखळी गेली. पक्कडला तिने सांगितलं, साखळी बसमध्ये चोरीला गेली. त्याने मान डोलावली होती. आता एवढा गठ्ठा हातात आला की चिरंजीव तर जेसीबीच घेतील.

फंडातून बाहेर पडायचं तर आधी सल्लागाराला भेटा, असा नियम होता. म्हणून शनिवारी दोघं गेले. बुटांच्या दुकानावर छोटं ऑफिस, आत एक तरुण बाई, त्यांच्या मुलाहूनही लहान. पण बोलायला स्वच्छ.

"काका, जुन्या फंडात तुम्ही जिवंत आहात तोवर महिन्याला ठरलेली रक्कम येणार. बाजार बुडो नाहीतर जग बुडो. तुमच्यामागे मावशींना त्याच्या अर्धी, त्या आहेत तोवर. नव्या कंपनीत एकदम गठ्ठा मिळतो, पण तो बाजारात लावतात. वाढेलही, निम्म्यावरही येईल. वर कंपनी दर वर्षी आपली फी कापणार. आणि संपला की संपला. एकदा बाहेर पडलात तर फंड परत आत घेत नाही."

"मग यात विचार करण्यासारखं काय आहे?" मावशी म्हणाली. "राहू दे जिथं आहे तिथं."

पक्कड टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, वेल्डिंगचा सांधा तपासावा तसा. "समजा, मी लवकर गेलो तर?"

"तिथं एक मेख आहे," बाई म्हणाली. "पेन्शन सुरू व्हायच्या आत गेलात तर मावशींना अर्धी लागू होत नाही. फक्त तुमच्या पगारातून कापलेले पैसे परत. तुमची सुरू होणार उन्हाळ्यात, त्याच्या आधी फंड देत नाही. पण तेवढ्या भीतीने पक्की पेन्शन कोणी सोडत नाही, काका. तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"घरातली माणसं किती जगली?"

"बाप नव्वदीला टेकला होता."

"मग तुम्ही फंडाला लुटणार!" बाई हसली. "हिशोब सरळ आहे. जो खूप जगणार त्याने जुनी धरून ठेवावी. जो लवकर जाणार त्याला गठ्ठा बरा. तुम्ही हलू नका."

"तरी मला गठ्ठाच पाहिजे," पक्कड म्हणाला.

बाईने मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे. बाई म्हणाली, आठ दिवस विचार करा, मग या.

बसथांब्यावर येईपर्यंत मावशीने दम धरला. मग तोंड सोडलं.

"त्याने कान भरले ना तुमचे? आता काय घ्यायचंय त्याला? विमान?"

"त्याला यातलं काही ठाऊक नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

चाळीस वर्षांत या माणसाने तिची खोटी शपथ घेतली नव्हती. म्हणजे पोरगा नाही. कंपनीचा एजंट? तसा कोणी घरी फिरकला नव्हता. लोभ म्हणावा, तर ज्याने नवी चप्पल घेतली नाही त्याला लोभ कसला? मग राहिलं काय? ज्या माणसाने एवढ्या वर्षांत न्हावी बदलला नाही, तो पक्की पेन्शन का सोडतोय? आणि तिला सल्लागार बाईचं बोलणं आठवलं. लवकर जाणार त्याला गठ्ठा बरा.

बस आली. दार उघडलं. मावशी चढली नाही. बस गेली.

"अरे," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरे म्हणाली. "काय म्हणाला डॉक्टर?"

पक्कड रस्त्याच्या पलीकडे बघत राहिला. पलीकडे काही नव्हतं, बंद शटर होतं एक.

"फुप्फुसं दगड झालीत म्हणाला. धुराने. औषध नाही. एखादं वर्ष निघेल, नाही निघणार."

"कधी गेला होतास?"

"पावसाळ्यात."

"आणि मला आज सांगतोस?"

"आज तरी कुठं सांगत होतो? तूच काढलंस."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि छातीशी धरावंसंही वाटलं. थांब्यावर दोन माणसं होती, म्हणून तिने दोन्ही केलं नाही. फक्त त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

रात्री जेवणं झाल्यावर पक्कड समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. उन्हाळ्यापर्यंत मी टिकेन न टिकेन, मध्येच गेलो तर तुला चिल्लर मिळेल, त्यापेक्षा गठ्ठा घेऊन ठेवू, तुझ्या नावावर, बाजार खाली गेला तरी काहीतरी राहील. बोलणं खोटं नव्हतं. त्या शिकलेल्या बाईला खरं सांगितलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

मावशीने ऐकून घेतलं.

"गठ्ठा माझ्या नावावर राहील," ती म्हणाली. "मग तो येईल. डोकं मांडीवर ठेवील. मग?"

"नाही म्हणायचं."

"मी?"

पक्कडने तिच्या गळ्याकडे पाहिलं.

"साखळी बसमध्ये गेली नव्हती," मावशी म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तू बसने कधी जायचीस तेव्हा? चालत जायचीस."

"बघा. बाजार पडेल, कंपनी बुडेल, ते पुढचं. माझ्या हातातच तो पैसा टिकायचा नाही. वर्षाच्या आत मी रिकामी. मग कोणाच्या दारात उभी राहू? त्याच्याच? महिन्याला येणारं कोणी एकदम ओढून नेऊ शकत नाही. मला ती अर्धी पाहिजे."

"त्यासाठी मला उन्हाळ्यापर्यंत जगावं लागेल."

"मग जगा की. कोणी अडवलंय?"

दोघंही हसले. त्याला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना, आणि मावशी त्याची पाठ चोळत बसली. हसू कधी गेलं ते कळलं नाही.

आठ दिवसांनी सल्लागार बाईला त्यांनी कळवलं, हलवत नाही. बाई म्हणाली, शहाणपणा केलात, काका.

मग सुरू झालं ते राखणं. उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवावी तशी मावशी त्याच्यावर नजर ठेवायची. मुकादमाला गाठून तिने त्याला वेल्डिंगवरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. थंडीत कानटोपी, गरम पाणी, जिना चढताना हातात हात. हॉटेलात चादरीवर इस्त्री फिरवताना तिचं सगळं लक्ष घरी. संध्याकाळी आली की आधी त्याचा श्वास ऐकायची, मग चप्पल काढायची.

पक्कड चेष्टा करायचा. "आज तुझ्या पेन्शनला ताप आहे." किंवा, "तुझी पेन्शन आज दोन घास जास्त जेवली."

एकदा तिने ताट आपटलं. "असं बोलत जाऊ नका. मला कळेनासं झालंय, मी माणूस जगवतेय की पेन्शन."

त्याने ताट सरळ करून ठेवलं. बोलायला दम लागायचा आता. मग म्हणाला, "दोन्ही एकाच दोरीला बांधलंय. एक ओढलं की दुसरं येतंच. तू ओढ."

तिने ओढलं. आणि पक्कड पक्कडसारखा वागला. उन्हाळा लागला तेव्हा तो ओठ निळे पडलेला, खांद्याची हाडं वर आलेली, पण होता. पहिली पेन्शन बँकेत जमा झाली त्या दिवशी त्याला रिक्षात घालून तिने बँकेत नेलं. कारकुनाने विचारलं, सगळी काढायची? पक्कड म्हणाला, "तिला विचारा. मालकीण ती." दुसरी आली तेव्हा तो अंथरुणावर होता. तिसरी आली त्याच्या आधीच तो गेला. पहाटे गेला, खोकलासुद्धा नाही. तिने हात धरला होता. त्याची पकड सैल झाली तेव्हा तिला कळलं.

महिना-दीड महिन्याने चिरंजीव पुन्हा आले. रडले, आणि खोटं नाही रडले. बापावर जीव होता त्याचा. जेवण झाल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आई, फंडाचं काय झालं?"

"मला अर्धी मिळते. महिन्याला."

"आणि एकरकमी?"

"नाही काही."

तो उठून बसला. "म्हणजे? कारखान्यातले काका सांगत होते, बाबा नव्या कंपनीत टाकणार होते म्हणून. टाकले असते तर केवढा पैसा आला असता! बाबांना ठाऊक होतं ना आजारी आहेत ते? मग? तीस वर्षं भरले त्यांनी, दोन महिने खाल्ले. राहिले सगळे फंडाच्या घशात! कोणी सल्ला दिला हा?"

"मी."

"अगं आई, मिळाले असते ना सगळे!"

"हो," मावशी म्हणाली. "तुला मिळाले असते."

तो आईकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. शर्ट मळलेला होता. दाढी वाढलेली. व्हॅन अजून दारात पडली आहे का, मेकॅनिकचे पैसे राहिलेत का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मावशी उठली. फडताळातून पाकीट काढलं. अर्ध्या पेन्शनचा पहिला महिना होता तो, भाडं देऊन उरलेला. त्यातून थोडे वेगळे केले. मग आणखी थोडे. पाकिटाचा तळ दिसायला लागला.

"घे," ती म्हणाली. "एवढेच आहेत."

त्याने घेतले. दारापर्यंत गेला, वळून म्हणाला, "येतो गं पुढच्या महिन्यात."

"ये," ती म्हणाली. आणि इस्त्रीच्या कामावर जायला उशीर होत होता म्हणून तिने त्याच्या मागोमाग बाहेर पडून दार लावून घेतलं.