आंबोलीचा मुक्काम

जुन्या गाड्यांच्या क्लबात रस्ता आखायचं काम गेली कित्येक वर्षं रुपाली नवलकरकडे होतं, आणि ती नवऱ्याच्या घरातून निघून आली म्हणून ते दुसऱ्या कुणाला द्यावं, हे नाना वागळ्यांच्या डोक्यातही आलं नाही. क्लब त्यांनीच सुरू केलेला. दिवाळी झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा फोन केला. जानेवारीत गिरगाव चौपाटीवरून निघायचं, मालवणला पोचायचं, वीसेक गाड्या, सगळ्या साठी उलटलेल्या. तेव्हा चढ कुठे, सावली कुठे, मुक्काम कुठे ते तू बघ, असं ते एका दमात बोलून गेले. मग जरा थांबून म्हणाले, उन्मेषशी मी बोलतो, तू त्याला फोन करू नकोस. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

रुपाली हो म्हणाली. का म्हणाली, ते तिने आईलाही सांगितलं नाही.

रुपाली लालबागची. वडील गिरणीत, मूळ गाव कुडाळजवळ. विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागली तेव्हा तिथे गिरगावचा उन्मेष भेटला, आणि घरच्यांची थोडी कुरकुर होऊन लग्न झालं. सासऱ्यांची एक फियाट होती, ज्या मॉडेलला मुंबईत सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगलाच आणि पुढे एकच लांब सीट. सासरे गेल्यावर उन्मेषने ती पुन्हा धावती केली आणि दोघं क्लबाबरोबर हिंडायला लागली. तो चालवायचा, ती रस्ता सांगायची. घरात त्यांचं बोलणं वर्षागणिक आटत गेलं होतं. लेक श्रेया बंगळूरला गेल्यावर तर दूध आणि लाइटबिल एवढंच उरलं. पण गाडीत बसली की दोघं बोलायची. घाट लागला की तो बालपणीचं काहीतरी सांगायचा, ती ऑफिसातल्या बायकांच्या नकला करायची. तेवढ्यावर आपला संसार चालतोय, आणि बरा चाललाय, असं रुपालीला वाटत होतं.

प्रिती क्लबात आली ती नवऱ्याची गाडी विकायला. दादरला तिचा दातांचा दवाखाना. नवरा अचानक गेला, गाडी गॅरेजमध्ये धूळ खात होती. ती विकण्याआधी निदान चालू तरी करू, म्हणून उन्मेष मदतीला जायला लागला. गाडी चालू झाली, विकली गेली, आणि उन्मेषचं जाणं थांबलं नाही. गणपती झाल्यावर त्याने स्वतःच रुपालीला सांगितलं. आवाज चढवला नाही, खोटं बोलला नाही. मी दुसरीकडे राहायला जातो म्हणाला. रुपाली म्हणाली, घर तुझ्या वडलांचं आहे, मीच जाते. दोन बॅगा भरून ती लालबागला आईकडे आली. चाळीच्या जागी टॉवर झाला होता आणि आईला, आनंदीबाईंना, त्यात सोळाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. श्रेयाने बापाशी बोलणं टाकलं. रुपाली तिला रोज सांगायची की असं करू नकोस, आणि मनातून तिला बरंही वाटायचं.

संध्याकाळी ऑफिसातून आली की ती फरशीवर नकाशा पसरायची. फोनवर सगळं दिसतं, पण म्हाताऱ्या गाड्यांचा रस्ता फोनला कळत नाही. नव्या गाडीला जो चढ जाणवतही नाही तिथे यांचं पाणी उकळतं, आणि उतारावर यांच्या ब्रेकचा भरवसा नसतो. जुन्या पुणे रस्त्याने बोरघाट चढायचा, सातारा, कोल्हापूर आणि मग खाली कोकणात उतरायचं, हे ठरलेलंच होतं. त्यात तिने तीन थांबे घातले.

पहिला बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी. पहिल्याच सफरीत तिथे गाडी तापली होती, आणि प्यायचं सगळं पाणी रेडिएटरला पाजून दोघं कठड्यावर बसून कोरडी पुरी-भाजी खात होती. दुसरा हायवे सोडून आत, वाईला. तिथे कृष्णेच्या घाटावर तिने उन्मेषला सांगितलं होतं की आपल्याला मूल होणार आहे, आणि तो काही न बोलता नदीत गुडघ्यापर्यंत चालत गेला होता, पँट-बुटासकट. तिसरा आंबोलीचा मुक्काम. सासूबाई गेल्या त्या वर्षी तिथल्या एका बंगल्यात उन्मेष तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. त्याला रडताना तिने त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

या जागा तिने कुणाला सांगितल्या नाहीत. नुसत्या रस्त्यावर ठेवल्या. तो तिथून जाईल, त्याला आठवेल, आणि आठवलं की तो मागे वळेल, एवढाच तिचा हिशेब होता.

रस्ता पक्का करायला, नानांनी ठरवून दिल्याप्रमाणे, दोघं दादरच्या एका उपाहारगृहात भेटली. घरी भेटायला आता घर नव्हतं. उन्मेषने तिच्यासाठी न विचारता पियूष मागवलं आणि मग चूक केल्यासारखा मेनूकार्ड चाळायला लागला. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. शिंगरोबापाशी थांबायचं नको म्हणाला. ट्रक अंगावर येतात, वीस गाड्या उभ्या करायला जागा नाही. खरंच होतं ते. वाईचा फेरा उगाच लांब पडतो म्हणाला, सातारा गाठायला उशीर होईल. तेही खरं. प्रत्येक वेळी तो खाली नकाशाकडे बघूनच बोलत होता. याला काहीच आठवत नाहीये, असं रुपालीच्या मनात आलं. आंबोलीवर मात्र ती अडून बसली. खोल्या कमी पडतील म्हणाला तर ती म्हणाली मिळवीन. उतार वाईट आहे म्हणाला तर ती म्हणाली सकाळी उजेडात उतरू. शेवटी तो म्हणाला, बघू.

शहरातून बाहेर पडायचा रस्ता तेवढा प्रत्यक्ष बघून घ्यायचा राहिला होता. एल्फिन्स्टनचा पूल पाडलेला, इथे मेट्रोचं खणलेलं, तिथे पत्रे लावलेले. गेल्या वर्षीचा रस्ता यंदा असेलच असं नाही. म्हणून एका रविवारी सकाळी उन्मेष फियाट घेऊन आला. रुपालीने उलटं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसली.

गिरगावहून सुरुवात करून भायखळ्यापर्यंत त्यांचं कामापुरतंच बोलणं झालं. लालबागला ती म्हणाली पुलाखालून जाऊ, तो म्हणाला वरून जाऊ. दोघं वरून गेली. परळ मागे पडलं. हिंदमाताच्या अलीकडे एका टॅक्सीवाल्याने गाडी बघून सलाम ठोकला, आणि उन्मेष हसला, आणि त्याच्या वडलांनी हीच गाडी हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात घालून घरच्यांना कसं भिजवलं होतं ते सांगायला लागला. रुपालीने ती गोष्ट अनेकदा ऐकली होती. तरी तिने विचारलं, मग रे? त्याने पुढचं सांगितलं. दादर गेलं, माटुंगा गेलं. तेवढा वेळ काही झालेलंच नव्हतं. ती बोलता बोलता सीटवर जरा वळून बसली होती, पूर्वी बसायची तशी.

शीवच्या तलावापाशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"रुपा, आंबोली काढून टाक."

"खोल्या मिळाल्यात. मी फोन केलाय तिथे."

"खोल्यांचं नाही गं." तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. "शिंगरोबा, वाई, आंबोली. तू दादरला नकाशा उघडलास तेव्हाच मला कळलं. मी काय विसरलोय असं वाटलं तुला?"

ती सीटवर सरळ होऊन बसली.

"त्या बंगल्यात मी प्रितीला घेऊन उतरू? वाईला नदीवर तिच्याबरोबर उभा राहू? नाही जमणार मला. त्या जागा तुझ्याच राहू देत. मला दुसरा कुठला तरी साधा रस्ता दे."

"म्हणजे ती येतेय तुझ्याबरोबर."

"हो. मला वाटलं नाना बोलले असतील."

नाना बोलले नव्हते. बोलायला त्यांची जीभ रेटली नसणार. रुपाली समोरच्या काचेतून बघत राहिली. तलावाच्या कठड्यावर एक माणूस लेंगा वर करून पाय धूत होता. आठवलं की तो परत येईल, असं ती इतके दिवस धरून चालली होती. आणि त्याला तर सगळं आठवत होतं. नदी, बूट, मांडी, सगळं. सगळं जागच्या जागी असूनही तो निघाला होता. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते. ज्याच्या सगळं लक्षात आहे त्याला काय सांगायचं?

"फोंडा घाटाने उतरा," ती म्हणाली. "राधानगरीवरून. तिथे आपण कधी गेलो नाही."

उन्मेषने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण तिने तिकडे बघितलं नाही. तो तिला लालबागला सोडायला निघाला तेव्हा ती म्हणाली, मी बसने जाते. उलट्या दाराचा खटका थोडा अडकतो, तो कसा ढकलायचा ते तिच्या हाताला माहीत होतं. ती उतरली आणि मागे न बघता स्टॉपकडे चालायला लागली.

रस्ता तिने नवा आखला. कोल्हापूरला मुक्काम, फोंडा घाट, कणकवली, मालवण. कुठे वळायचं, कुठे पाणी भरायचं, उतारावर कुठला गिअर, सगळं लिहिलं. पूर्वी ती स्वतःपुरत्या खुणा करायची. "वडाच्या पुढे डावं" एवढं तिला पुरायचं. आता शेजारी नवं माणूस बसणार होतं, म्हणून तिने एकेक वाक्य पूर्ण लिहिलं. एका ठिकाणी चुकीचं वळण लिहावं असं मनात येऊन गेलं. तिने योग्य तेच लिहिलं आणि नानांना पाठवून दिलं. नाना फोनवर नुसतं "बाळा" म्हणाले.

निघायच्या दिवशी ती चौपाटीवर गेली नाही. रजा मात्र दोन दिवसांची घेतली होती. सकाळी ती खिडकीत उभी राहिली. सोळाव्या मजल्यावरून लालबागचा पूल पायाखाली दिसतो. रहदारी तुरळक होती. गाड्या एकामागून एक आल्या, वरून नुसती टपं दिसत होती, लाल, काळी, हिरवट. फियाटचं साईच्या रंगाचं टप तिने लगेच ओळखलं. आत कोण बसलंय ते दिसायची सोय नव्हती. पुलाच्या मध्यावर ती गाडी थोडी हळू झाली असं तिला वाटलं. झालीही असेल, नसेलही. मग ती परळच्या बाजूला उतरली आणि इमारतींआड गेली.

"गेली काय गो?" आनंदीबाईंनी आतून विचारलं.

"गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रितीचा फोन आला. नंबर बघून रुपालीने तो वाजू दिला. पुन्हा आला तेव्हा उचलला. राधानगरीच्या पुढे चढावर गाडी बंद पडली होती आणि काही केल्या चालू होत नव्हती. बाकीचे पुढे गेले होते. उन्मेष चिडून रस्त्याने एकटाच चालत सुटला होता. तुम्हाला फोन करायला नको होता, पण दुसरं कुणी सुचेना, असं ती दोनदा म्हणाली.

"उन्हाने पंपातलं पेट्रोल उकळलं असेल," रुपाली म्हणाली. "बॉनेट उघड. डाव्या-उजव्याच्या भानगडीत पडू नकोस, इंजिनाला चिकटून वाटीसारखा पंप दिसेल. हात लावू नकोस, भाजेल. फडकं ओलं करून त्यावर ठेव. वाळलं की पुन्हा भिजव. अर्धा तास तरी स्टार्टरला हात लावायचा नाही."

"आणि ते?"

रुपालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो येईल आपला परत. हाक मारू नकोस. आला की काही विचारू नकोस, पाणी दे. गाडी बंद पडली की त्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं, म्हणून चिडतो."

मग प्रिती हळूच म्हणाली, "रुपालीताई, अजून काही मला माहीत असायला हवं का?"

सांगायला केवढं तरी होतं. तीस वर्षांचं होतं.

"जेवणानंतर त्याची प्रेशरची गोळी असते," रुपाली म्हणाली. "विसरतो तो." आणि तिने फोन ठेवला.

आनंदीबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं कोण होतं. रुपालीने सांगितलं, त्यांची गाडी बंद पडली होती म्हणून.

"मगे पडूंदे बंद," आनंदीबाई म्हणाल्या. "तू कशाक चालू करून दितंस?"

रुपालीला हसू आलं. खरंच आलं, मोठ्याने. ते हसू कुठे फिरलं ते तिचं तिला कळलं नाही. गणपतीपासून ती रडली नव्हती. घर सोडताना नाही, शीवला नाही, खिडकीतही नाही. आता ती फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. आनंदीबाईंनी गॅस बंद केला, गुडघे धरत खाली बसल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. भात अर्धा कच्चा राहिला होता. बऱ्याच वेळाने दोघींनी तोच खाल्ला.