कुंपणाआतलं वय

"म्हणा की, मास्तर," कासिमू म्हणाला.

"नाही म्हणणार."

"एकच तर शब्द आहे."

"मग तूच म्हण दहा वेळा! मी सत्तावन्न वर्षांचा आहे."

"होतात," मामा तुनू (तिकडे आईला मामा म्हणतात) चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "कुंपणाबाहेर होतात. आत आलात आणि एक दिवसाचे झालात. आता नाळ पडेपर्यंत तरी भांडू नका, बाळ."

तेरा माणसं पेजेच्या वाट्या हातात धरून खो खो हसली. हसली नाही ती एकटी चाउसिकू. ती पातेल्यात पळी घालून उभी होती आणि ढवळायचं विसरली होती. कारण हेमेदी मास्तरांनी तो शब्द म्हणायचा होता तो तिला.

पांगानी या समुद्रकाठच्या गावात कडुनिंबाचं हे अंगण लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. दारू सोडलेली आणि पीठ सोडलेली माणसं (हेरॉइनला तिकडे पीठच म्हणतात) रोज सकाळी तिथं जमायची. डॉक्टर नाही, साहेब नाही, पाटी नाही. जो आधी सुटला त्यानं मागून येणाऱ्याचा हात धरायचा, एवढाच कारभार. नियम मात्र एक होता आणि तो असला भारी होता! कुंपणाच्या आत प्रत्येकाचं वय शेवटच्या घोटापासून किंवा शेवटच्या झुरक्यापासून मोजायचं. लहानानं मोठ्याला 'शिकामो' म्हणायचं आणि मोठ्यानं 'माराहाबा' म्हणून ते घ्यायचं, हे त्या किनाऱ्यावरचं पोर बोलायला लागल्या लागल्या शिकतं. शिकामो म्हणजे पाय धरणंच, फक्त तोंडानं. मग अंगणात काय एकेक गंमत व्हायची! नातवंडं असलेले आजोबा विशीतल्या पोराला शिकामो म्हणायचे. नारळ पाडणारा कासिमू इथं चार वर्षांचा होता आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ अकरा महिन्यांचा. लहानपणी खाल्लेल्या टपल्यांची परतफेड कासिमू रोज सकाळी माराहाबा म्हणून करून घ्यायचा.

चाउसिकू बाहेर पंचवीस वर्षांची होती आणि आत पाच वर्षांची. मामा तुनू सोडली तर सगळ्यांत मोठी.

"हिला?" मास्तरांनी बोट रोखलं. बोट लटपटत होतं, काल दुपारपासून घसा कोरडा होता ना. "ही माझ्या वर्गात होती! हिला मी..." आणि ते थांबले.

"शाळेतून काढलंत," चाउसिकूने त्यांचं वाक्य पुरं केलं. "मंगळवार होता."

हसणं बंद. 

मास्तर पेज न घेता कुंपणाच्या दाराशी जाऊन बसले, सगळ्यांकडे पाठ करून. पण दाराच्या आत बसले. चाउसिकूने तेवढं बरोबर हेरलं आणि वाटी नेऊन त्यांच्या पाठीमागे ठेवली.

मंगळवारचं सांगायलाच हवं. शाळा नदीपलीकडे. सकाळी मैदानावर सहाशे पोरं ओळीनं उभी. सोळा वर्षांच्या चाउसिकूच्या मोज्यात पिठाची पुडी सापडलेली. हेमेदी मास्तरांनी तिला पुढे बोलावलं, गळ्यातला शाळेचा टाय सोडून घेतला आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचणाऱ्या आपल्या त्या नामांकित आवाजात म्हणाले, "आजपासून हिच्याशी कुणीही बोलायचं नाही." मग तिला फेरीबोटीवर बसवून दिलं.

आणि खरंच कुणी बोललं नाही. पीठ ओढणाऱ्याला पांगानीत शिवी मिळते, दगड मिळतो, शिकामो मिळत नाही. शेंबडं पोरही त्याला ओलांडून पलीकडच्या माणसाला शिकामो म्हणतं. त्यामुळे पुढे ती अंगणात आली, पाच महिन्यांची झाली आणि चाळिशीची एक नवीन बाई तिच्यासमोर मान झुकवून "शिकामो" म्हणाली, तेव्हा चाउसिकूने मागे वळून पाहिलं. कोण मोठं माणूस येऊन उभं राहिलंय? मागे कुणीच नव्हतं. अंगणात हा किस्सा अजून सांगून सांगून हसतात. ती पण हसते. त्या दिवशी मात्र ती कामाला होती त्या खानावळीत नारळ खोवताना चाळीस नारळ कधी संपले तिला कळलंच नव्हतं.

मास्तरांचं काय झालं? भर वर्गात फळ्यावर गणित मांडता मांडता ते फळ्यालाच टेकून झोपले, खडू हातात तसाच. हातभट्टीच्या गोंगोचा वास पहिल्या तीन बाकांपर्यंत. मोठ्या बाई शाळेत नवीन होत्या, कडक, पण एकदम फाडून टाकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नव्वद दिवस. जुलैला अजून चार महिने आहेत. ते सत्र उघडेल त्या सकाळी अंगणातल्या कुणीतरी इथं येऊन अख्ख्या शाळेसमोर सांगायचं, की हा माणूस नव्वद दिवस प्यायलेला नाही. नाहीतर तुमचा वर्ग गेला." निवृत्तीला दोन वर्षं होती. आणि वर्गाबाहेर माणसानं करायचं काय असतं, हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आले. चाउसिकूसमोर उभे राहून जमिनीकडे बघत पुटपुटले, "शि...मो."

"मास्तर," कासिमू मागून ओरडला, "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही!"

हे मास्तरांचंच वाक्य. पाढे म्हणणाऱ्या हजारो पोरांनी ऐकलेलं. मास्तरांचे कान लाल झाले, छाती भरली आणि अंगण हादरलं. "शिकामो!"

"माराहाबा," चाउसिकू म्हणाली. पळी हातातून पातेल्यात पडली, ती चिमट्यानं काढावी लागली.

खरी मजा पुढेच होती. पेज झाली, बोलणं झालं, मास्तर निघाले. ते कुंपणाच्या दारातून बाहेर पडतात न पडतात तोच चाउसिकू धावत मागे गेली, दार ओलांडलं आणि मान झुकवून म्हणाली, "शिकामो, मास्तर."

"हे काय आता?"

"इथं तुमचं वय सत्तावन्न आहे."

मास्तरांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "माराहाबा."

मग हे रोजचंच झालं. आत येताना मास्तर तिला, बाहेर जाताना ती मास्तरांना. एकदा मास्तर टोपी विसरले म्हणून परत आत आले, तर पुन्हा दोन्ही बाजूंनी सगळं साग्रसंगीत. कासिमू तर एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून विचारायचा, "मास्तर, गणित सोडवा. माझं वय किती?"

"अक्कल येईपर्यंत शून्यच," मास्तर म्हणायचे. तेही आता हसायला लागले होते.

अडतिसाव्या दिवशी ते आले नाहीत.

चाउसिकूने पेज डब्यात भरली, वर झाकण लावलं आणि तडक नारळीच्या बागेमागच्या गुत्त्याकडे निघाली. तिथल्या बायांनी तिला पाहून कुजबूज केली, पण तिला त्याची सवय होती. मास्तर एका उपड्या होडीला टेकून बसले होते. डोळे लाल. शेजारी रिकामा पेला.

"झालं," ते म्हणाले. "अडतीस गुणिले शून्य. उत्तर तुला येतं."

"येतं. उत्तर शून्य." ती समोर फतकल मारून बसली. "आणि शून्याबद्दल तुम्ही काय शिकवलं होतं? शून्य म्हणजे काही नाही असं म्हणू नका. फळ्यावर त्यालाही जागा लागते, मोजायला तिथूनच सुरुवात होते. आठवतं?"

"मी पुष्कळ बडबड करायचो."

"मी चार वेळा शून्य झालेय, मास्तर. आता चाललंय ते माझं पाचवं बाळपण. दर वेळी मामा तुनू डबा घेऊन यायची. घ्या, गार होतेय."

मास्तरांनी डबा घेतला नाही. "तू का आलीस? बाकीचे कुणी आले असते. मी तुला... तू माझं तोंडही बघायला नको होतंस."

"राग आहे ना! भरपूर आहे," चाउसिकू म्हणाली. "पण रोज सकाळी तुमच्या तोंडून शिकामो ऐकायची चटक लागलीय मला. मोठ्या मुश्किलीनं एक व्यसन सोडलं, तर हे लागलं. आता तुम्ही आला नाहीत तर मी काय करू?"

मास्तर आधी हसले आणि मग रडले. मग पेज प्यायले, आल्याचा ठसका लागेपर्यंत. बोटांवर मोजून म्हणाले, "उद्यापासून धरलं तर नव्वदावा दिवस नेमका शाळा उघडायच्या आदल्या दिवशी येतो. एकही दिवस हातचा उरत नाही."

"मग हातचा न घेताच गणित करायचं."

दुसऱ्या दिवशी हेमेदी मास्तर पुन्हा एक दिवसाचे होऊन आले. वीस दिवसांपूर्वी आलेल्या एका पोराला त्यांनी परवापर्यंत माराहाबा म्हटलं होतं. आता त्याच पोरासमोर मान झुकवून त्यांनी पहिला शिकामो म्हटला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत. पोरगं बिचारं इतकं घाबरलं की त्यानंही उलट शिकामो म्हटलं.

दिवस पुढे सरकत गेले. साठ. पंच्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी. शाळेत साक्ष द्यायला कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा मामा तुनूने नुसतं चाउसिकूकडे पाहिलं.

"मी? त्या मैदानावर? नऊ वर्षांत मी नदी ओलांडलेली नाही, मामा!"

"दुसऱ्या कुणाला पाठवा," मास्तर घाईनं म्हणाले.

चाउसिकू गर्रकन वळली. "का हो? माझी लाज वाटते?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "माझी वाटते."

चाउसिकूने पळी पातेल्यात ठेवली. मग चाउसिकूनेच सांगितलं, "मी जाते."

त्या सकाळी फेरीबोटीवर कोंबड्या, सायकली, नारळाची पोती आणि निळ्यापांढऱ्या गणवेशातली पोरं यांची नुसती दाटी होती. मास्तरांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. चाउसिकू नवा पांढरा रुमाल डोक्याला बांधून कठड्याला घट्ट धरून उभी होती आणि एकच वाक्य घोकत होती: हेमेदी मास्तर नव्वद दिवस प्यायलेले नाहीत, मी रोज पाहिलंय. पाच मिनिटांची नदी, पण पलीकडचा काठ येईपर्यंत तिने ते पन्नासदा म्हणून घेतलं.

मैदान तेच होतं. ओळी तशाच. सहाशे पोरं.

"अंगणातून कोण आलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

चाउसिकू पुढे झाली. आणि पाहते तर ती नेमक्या त्याच जागी उभी! झेंड्याच्या खांबाच्या डाव्या हाताला, जिथं टाय सुटला होता तिथं. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. 

शिक्षकांच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "अरे, ही तीच ना? पीठवाली?"

पुढच्या ओळीत खुसखुस झाली. मोठ्या बाईंनी चष्मा सावरला. "तुम्ही कोण, ते सांगता का?"

ती बोलली नाही तर मास्तरांचा वर्ग जाणार होता. हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच आवाज आणखी आत जात होता.

तेव्हा हेमेदी मास्तर जागचे हलले. त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं, बोलायचं नव्हतं. पण ते चार पावलं चालून तिच्यासमोर आले आणि पोरांकडे तोंड केलं.

"ही कोण ते मी सांगतो. नऊ वर्षांपूर्वी हिच्याशी कुणी बोलू नका असं मी याच जागी उभं राहून सांगितलं होतं. ते माझं आयुष्यातलं सगळ्यांत चुकलेलं गणित. मी दारूत पडलो तेव्हा गावात माझ्याशी बोलायला आली ती ही. मला शिकवलं हिनं. काय शिकवलं, ते ही सांगेल."

मग ते तिच्याकडे वळले. कुंपण दोन कोस मागे, नदीपलीकडे राहिलं होतं. इथं त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि तिचं पंचवीस. इस्त्रीचा सदरा दुमडेल इतकी त्यांनी मान झुकवली.

"शिकामो, बाई."

आणि मग, मास्तरांनी म्हटलं की आपण मागून म्हणायचं ही जन्माची सवय असल्यामुळे, पहिल्या ओळीतली एक बारकीशी मुलगी ओरडली, "शिकामो, बाई!" तिच्या शेजारचा ओरडला. पुढची ओळ, मधल्या ओळी, आणि बघता बघता सहाशे गळे एका सुरात,

"शिकामो, बाई!"

आंब्यावरचे पक्षी भुर्रकन उडाले. चाउसिकूने मागे वळून पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं. झेंड्याचा खांब होता आणि मोकळं आभाळ.

ती पुन्हा समोर वळली. रुमाल नीट केला.

"माराहाबा."

"ऐकू आलं नाही!" अगदी शेवटच्या ओळीतून कुणीतरी वात्रट ओरडलं.

हेमेदी मास्तरांनी सवयीनं डोळे वटारले. चाउसिकूने मात्र छाती भरून श्वास घेतला.