नल्ला आला का?

पडद्याला कडी लागत नाही, ही गोष्ट लग्न ठरवताना कोणी सांगत नाही. मुलाची नोकरी विचारतात, शेत विचारतात, पण घरात दारं किती हे कोणी विचारत नाही. प्रितम शाळेत मास्तर, बेल्यात स्वतःचं घर, एवढं ऐकून माझ्या बापानं मान डोलावली आणि मी पैनगंगा ओलांडून तेलंगणात आले. घर स्वतःचं होतं, त्यात खोटं काही नाही. फक्त दोनच खोल्यांचं होतं. एक स्वयंपाकाची, आणि दुसरीच्या मधोमध फुलाफुलांचा पडदा. अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे माझी सासू पंचफुला. सासू चांगली, फार चांगली. आम्ही जरा कुजबुजलो की ती मुद्दाम खोकायची, म्हणजे ती जागी आहे हे आम्हाला वेळेत कळावं. तीन वर्षं मी त्या खोकल्यावर संसार केला.

म्हणून प्रितमनं बाजूच्या अंगणात एक खोली काढायची ठरवली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? आदिलाबादला गेले आणि कडी विकत आणली. पितळी, हातभर लांब, सरकवली की खट्ट वाजणारी. पाया नाही, वीट नाही, कडी तयार! "बाजारात तुरी..." म्हणत प्रितम हसला. हसू दे. मी ती कडी उशाशी ठेवून झोपायचे.

मग मधे आल्या प्रयागबाईकाकू.

काकूंचं घर आमच्याला लागून, कोपऱ्यावरचं, दोन गल्ल्यांना तोंड असलेलं. त्या आणि उत्तमरावकाका गावाबाहेर भाजीपाला लावतात. दोन्ही घरांच्या मधे कुंपण नाही, नुसती मोकळी जागा. तिथूनच काकू रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येणार आणि विचारणार, "पंचफुला, नल्ला आला का व?" इकडे नळाला नल्ला म्हणतात. आला असला तरी आणि नसला तरी काकू बसणार, चहा घेणार, गावातल्या चार घरांची खबर सांगणार आणि मग जाणार.

खोली नेमकी त्या मोकळ्या जागेत यायची होती आणि त्या जागेखालून पाण्याचा पाईप होता. दोन्ही घरांचा मिळून एक.

"पायपाले हात लावाचा नाही," काकूंनी सांगून टाकलं. "अर्धा माहा हाय तो."

"काकू, बाजूले घेऊन देतो ना मी," प्रितम म्हणाला.

"पाईप का म्हैस हाय, बाजूले घ्याले?"

प्रितम वर्गात वाघ आहे असं ऐकते. काकूंसमोर त्याची मांजर होते. उत्तमरावकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "घरातलं ती पाह्यते, मी वांगे पाह्यतो." माझ्या डोक्यात रोज सणक जायची. एका पाईपासाठी माझी खोली अडलेली, आणि माझी सासू मात्र काकूंना चहात आलं जास्त घालून देत होती!

"आई, तुमी काऊन काहीच बोलत नाही त्याईले?" मी एकदा चिडून विचारलं.

तेव्हा तिनं पाईपाची गोष्ट सांगितली. या गल्लीत नळ पहिल्यांदा घेतला माझ्या सासऱ्यांनी, मोतीराम कारकुनांनी. काकू तेव्हा नव्या सुनबाई. त्यांनी आमच्या पाईपातून आपल्या घरी फाटा घेतला. बौद्धांच्या पाईपाचं पाणी घरात आलं म्हणून काकूंच्या सासूनं आपली घागर वेगळी काढली आणि मरेपर्यंत विहिरीवर गेली. काकू मात्र पहिल्याच दिवशी अंगणात सगळ्यांसमोर तोंड वर करून गिलासभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड हाय."

"तिच्याशी मी पायपावरून भांडू?" सासू म्हणाली.

मी कडी पुसून परत उशाशी ठेवली.

शेवटी काकूंनी एवढंच कबूल केलं की पाया खोदा, पण पाईपाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे. नदीपलीकडून, माझ्या माहेरकडून मिस्त्री बोलावला. प्रितम शाळेत गेला आणि मिस्त्रीनं खोदायला सुरुवात केली. कमरेएवढं खोदून झालं आणि त्यानं हाक मारली, "वयनी, इथं तं दोन पाईप हायेत."

खरंच दोन होते. एक काळा, एक निळा, शेजारी शेजारी. "हे मधात असले तं पाया नाही भरता येत," मिस्त्री म्हणाला. सासूला विचारलं तर म्हणाली, जुना फुटला होता तेव्हा पंचायतीनं काहीतरी केलं होतं, आठवत नाही. मग मी गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लावला. तो तेलुगू बोलतो. तीन वर्षांत मी तेलुगू शिकले होते आणि ते फार चांगलं आहे असं माझं मत होतं. वांग्याचा भाव तर मी असा करायची की बाजारातल्या बाया घाबरायच्या.

मी त्याला दोन पाईपांचं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "नल्ल पैपु कट चेय्यंडि अम्मा. एम कादु."

कट करा, काही होत नाही. इतकं स्वच्छ! आता नल्ल्याचा पाईप कोणता, एवढंच शोधायचं होतं. ते मी अगदी शास्त्रशुद्ध शोधलं. अंगणातला नळ सोडला, धो धो पाणी आलं, आणि मिस्त्रीला म्हटलं, दोन्ही पाईपांवर हात ठेवून पाहा. काळा गप्प होता. निळा गार लागत होता आणि थरथरत होता.

"निळा. हाच नल्ल्याचा. कापा," मी म्हटलं.

"वयनी, याच्यात तं पानी हाय!"

"पंचायतीचा मानूस सांगून राह्यला, तुमाले जास्त समजते का? एम कादु!"

मिस्त्रीनं हेक्सा ब्लेड लावलं. चार घासे मारले, पाचव्याला पाईप बोलला. असा बोलला की मिस्त्री उताणा आणि पाणी आभाळात. ते छपराच्या वर गेलं, तिथं जरा विचार केला आणि काकूंच्या बाजेवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडलं. गल्लीतली पोरं कुठून उगवली देव जाणे, एका मिनिटात अंगण भरलं. बाया घागरी घेऊन धावल्या, कारण पाणी फुकट जाताना बघवत नाही आणि रांगेत उभं न राहता घागर भरायला मिळणं हा सणच. मिस्त्री खड्ड्यात बसून दोन्ही हातांनी पाईप दाबत होता आणि बोटांच्या फटींतून प्रत्येकाला सारखं वाटून पाणी देत होता.

सासू ओलीचिंब होऊन ओरडली, "त्यानं का सांगतलं तुले? शब्द सांग!"

"नल्ल पाईप कापा म्हने!"

"अवं पोरी, तेलगूत नल्ल म्हंजे काळं!"

आता तुम्हीच सांगा. ज्या गावात नळाला नल्ला म्हणतात, त्याच गावात काळ्यालाही नल्ल म्हणायचं, यात माझी चूक की गावाची? मी हे सासूला विचारणार होते, पण तेवढ्यात काकू आल्या. डोक्यावर भाजीची टोपली, पदर खोचलेला.

"माहं पानी तोडलं! सांगतलं होतं ना मी, हात लावाचा नाही! आता मी का पिऊ?"

एवढं बोलून त्या खड्ड्यात उतरल्यासुद्धा. भांडायचं ते नंतर, आधी पाणी थांबवायचं, ही काकूंची रीत. टोपलीतलं एक लांबुळकं वांगं घेऊन त्यांनी पाईपाच्या तोंडात कोंबलं. वांगं क्षणभर थांबलं आणि बंदुकीतून सुटल्यासारखं जाऊन मिस्त्रीच्या कपाळावर बसलं. दुसरं वांगं कौलावर गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला हसू फुटलं ते काही केल्या आवरेना, सासू पोट धरून पायरीवरच बसली. मग काकूंनी एक जाड मुळा निवडला, दाताखाली धरून त्याची शेंडी तोडली आणि गरगर पिळत आत बसवला. पाणी फुसफुसलं आणि थांबलं. वरून मिस्त्रीनं सायकलची ट्यूब आवळली.

सगळं एकदम शांत झालं. पोरंही गप्प. आणि त्या शांततेत काकूंच्या घराच्या पलीकडच्या बाजूनं आवाज येऊ लागला. ड्रममध्ये पाणी पडल्याचा. चांगली जाड धार होती.

सासूनं हसू थांबवलं. कान दिला. "प्रयाग," ती म्हणाली, "इथं तं मुळा बसला. तुह्या घरी पानी कुठून पडून राह्यलं?"

काकू खड्ड्यातच उभ्या. वर येईनात.

"तिकडच्या गल्लीचा नल्ला हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा जुना पाईप फुटला ना, तवाच अमरनं तिकडून घेतला. या निळ्याचा फाटा माह्या घरी कधी आलाच नाही."

म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीपासून! अमर म्हणजे त्यांचा मुलगा. मला असा राग आला की पायातली चप्पल कुठं गेली तेही कळलं नाही. "मंग काकू, रोज सकाळी येऊन नल्ला आला का म्हनून काऊन विचारता?"

"मंग का विचारू?" काकू उसळल्या. "पंचफुला, तुह्या हातचा चहा पायजे, असं म्हनू? रोज?" त्यांचा आवाज फाटला. "इथं तुह्या खोलीची भीत उठली का माहा रस्ता गेला. सडकेवरून येता येते, मले समजते. पन सडकेवरून आलं का मानूस पाव्हना होते."

सासूचे डोळे भरले होते, हसण्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही. माझे मात्र सरळ रडण्यानंच भरले. इतके दिवस मी या बाईला मनात काय काय म्हटलं होतं, आणि तिला माझी खोली नको नव्हती, फक्त तिची सकाळ हवी होती.

सासू मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी कदाचित अडून बसले असते. मी नाक पुसलं आणि मिस्त्रीला म्हटलं, "भीत अलीकडं घ्या. हे दोनी पाईप बाहेर राहू द्या, आन् वरून मानूस जाईल एवढी बोळ सोडा."

"वयनी, मंग खोलीत अलमारी नाही मावत."

"पलंग मावते का?"

"मावते."

"मंग झालं तं!" आणि हे मी किती मोठ्यानं बोलले ते गल्लीतल्या बाया हसल्या तेव्हा मला कळलं.

निळा पाईप जोडला. काळ्या, म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या पाईपातून आता काहीच जात नाही, तरी मिस्त्री तो कापायला निघाला तेव्हा दोन्ही म्हाताऱ्या एकदम "राहू दे!" म्हणाल्या. तो तिथंच मातीखाली आहे.

खोली झाली. लहान आहे, पलंगाच्या एका बाजूनं आडवं होऊन जावं लागतं, आणि खिडकी नेमकी बोळीत उघडते. पण दाराला माझी पितळी कडी आहे. पहिल्या रविवारी सकाळी मी ती सरकवली. खट्ट! पडद्याआड नाही, पंचफुलेच्या खोकल्याआड नाही, खऱ्या दाराआड मी आणि प्रितम. प्रितम तर लाजून वर्तमानपत्रच वाचायला लागला. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली.

"रश्मी! नल्ला आला व!"

प्रितम दचकून उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं आणि खिडकीकडे तोंड करून ओरडले, "आज आमच्या घागरी तुमीच भरा, काकू!"

बोळीत काकूंना खुदकन हसू आलं. "भरतो व माय, भरतो!" त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता हाक मारली, "पंचफुला, दोनच कप ठेव. पोट्टे काई येत नाही आता."

स्वयंपाकघरातून सासूचा खोकला ऐकू आला, आणि त्याच्यामागून दोघींचं हसणं. मी कडी काढली नाही.